व्हेरोनाचा १९८४-८५ चा हंगाम : स्कुदेत्तो सोडतीने दिला की संघाने मिळवला?

गोलपोस्ट

इटालियन फुटबॉलच्या गप्पांत १९८४-८५ चा हेलास व्हेरोना आला की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्या वर्षी रेफरी चिठ्ठ्या टाकून ठरवले होते ना, म्हणून जिंकले." परवा एका ग्रूपवर पुन्हा तेच वाचलं. मला हे वाक्य त्या संघावर अन्याय करणारं वाटतं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कुदेत्तो म्हणजे सेरी आ ह्या इटलीतल्या सर्वोच्च लीगचं विजेतेपद. तिथे तेव्हा १६ संघ होते, ३० सामने, विजयाला दोन गुण. प्रत्येक क्लबला दोनच परदेशी खेळाडू ठेवता यायचे, त्यामुळे जगातले उत्तम खेळाडू सगळ्या लीगभर विखुरलेले होते. नापोलीत मारादोना, युव्हेंतुसमध्ये प्लातिनी आणि बोन्येक, उदिनेसेमध्ये झिको, फियोरेंतिनात सॉक्रेटीस, इंटरमध्ये रुमेनिगे, तोरिनोत ज्युनियर. अशा लीगमध्ये व्हेरोना १५ जिंकले, १३ बरोबरीत सोडवले, फक्त २ हरले. ४३ गुण. दुसरा आलेला तोरिनो ३९, इंटर ३८, सांपदोरिया ३७. युव्हेंतुस सहावा. ३० सामन्यांत व्हेरोनाने १९ गोल खाल्ले.

प्रशिक्षक ओस्वाल्दो बान्योली, मिलानच्या बोव्हिझा ह्या कामगारवस्तीत वाढलेला, अबोल माणूस. १९८१ मध्ये तो आला तेव्हा क्लब सेरी बी ह्या दुसऱ्या श्रेणीत होता. चार हंगामांत स्कुदेत्तो.

रेफरींची पूर्ण सोडत त्याच एका हंगामात झाली, पुढच्या वर्षी बंद केली, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून विजेतेपदाचं श्रेय सोडतीला द्यायचं का? तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

टॅकल

बुटाशिवाय मारलेला गोल ह्याच हंगामातला ना?

गोलपोस्ट

होय. १४ ऑक्टोबर १९८४, घरच्या मैदानावर, युव्हेंतुसविरुद्ध २-०. पहिला गोल गाल्देरिसीचा. दुसऱ्या गोलासाठी व्हेरोनाचा प्रेबेन एल्क्येर डावीकडून सुटला, युव्हेंतुसच्या बचावपटूने मागून टॅकल केला आणि त्याच्या उजव्या पायातला बूट निघाला. तो थांबला नाही. आत घुसला आणि त्याच पायाने, नुसत्या मोज्यावर, गोल केला. टॅकल करणारा होता स्तेफानो पिओली, ज्याने पुढे २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून मिलानला स्कुदेत्तो जिंकून दिला.

टॅकल

पिओली!! हे माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीतली पोरं नव्या बुटांसाठी हट्ट धरतात, त्यांना हा गोल दाखवायला हवा.

जुनाजाणता

चांगला धागा. पुढचे प्रतिसाद वाचणाऱ्यांसाठी त्या काळाचं थोडं चित्र देतो.

१९८५ मध्ये इटलीतल्या लीगची बातमी आपल्याकडे जवळजवळ येतच नसे. आली तरी मारादोनाच्या नावाने. व्हेरोना नावाचा संघ विजेता झाला हे मला तेव्हा कळलंही नाही. पण १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनने दाखवला आणि रात्री जागून आम्ही तो पाहिला. डेन्मार्कने उरुग्वेला ६-१ हरवलं, त्यात एल्क्येरचे तीन गोल. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. एल्क्येर हे नाव आम्हा सगळ्यांना तिथे कळलं. अंतिम सामन्यात ३-२ चा गोल करायला बुरुचागा सुटला तेव्हा त्याच्या मागे जिवाच्या आकांताने धावणारा आडदांड जर्मन म्हणजे हान्स-पेटर ब्रीगल. तोही व्हेरोनाचाच. इटलीकडून त्या स्पर्धेत दि जेन्नारो आणि गाल्देरिसी खेळले, तेही व्हेरोनाचे. म्हणजे व्हेरोनाचा अर्धा कणा आपण दूरदर्शनवर पाहिलेला आहे, फक्त ते व्हेरोनाचे आहेत हे माहीत नव्हतं.

आता प्रश्नाकडे. नुसत्या सोडतीवर चाललेल्या क्लबचे इतके खेळाडू तीन-तीन देशांकडून विश्वचषकात दिसतील का?

पंचनामा

मी विरुद्ध बाजूने लिहितो, कारण ती बाजू नीट मांडली जात नाही.

व्हेरोना वाईट संघ होता असं कोणीच शहाणा माणूस म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. एरवी कुठल्या सामन्याला कोणता रेफरी, हे नेमणूक करणारे अधिकारी ठरवत. मोठ्या क्लबचा सामना हातचा गेला तर पुढच्या नेमणुका अवघड होतील, ही भीती रेफरीच्या मनात असते. लाच द्यावी लागत नाही, धाक पुरतो. इटलीतले लोक ह्याला मानसिक दबणं म्हणतात आणि हा विषय तिथे आजही शिळा झालेला नाही. हा धाक एका हंगामापुरता गेला. त्याच हंगामात उत्तरेकडचा एक मधला क्लब पहिला आला, युव्हेंतुस सहावा आणि रोमा सातवा गेला. पुढच्या वर्षी नेमणुकीची पद्धत परत आली, युव्हेंतुस पहिला आणि व्हेरोना दहावा. तुम्ही ह्याला योगायोग म्हणा, मी म्हणणार नाही.

आणि ही नुसती शंका नाही. २००६ मध्ये काल्चोपोली प्रकरण बाहेर आलं तेव्हा नेमणूक करणारेच अधिकारी आणि क्लबांचे पदाधिकारी ह्यांचे फोन उघड झाले. युव्हेंतुसचं २००४-०५ चं विजेतेपद काढून घेतलं, क्लब सेरी बी मध्ये गेला. नेमणुकीत खोट असू शकते हे त्या देशाने स्वतः मान्य केलं आहे. मग सोडतीच्या हंगामाचा निकाल वेगळा आला ह्यात आश्चर्य कसलं?

रश्मी_ठाणे

फुटबॉल मी मुलाबरोबर बघते तेवढंच, पण धागा आवडला. एक शंका : ही सोडत आणायची वेळ का आली? आणि चांगली होती तर एका वर्षात बंद का केली?

मिलानवासी

रश्मीताई, १९८० मध्ये इटलीत तोतोनेरो नावाचं सट्टेबाजीचं मोठं प्रकरण झालं. खेळाडूंना स्टेडियममधूनच अटक झाली, मिलान आणि लाझिओ ह्या क्लबांना शिक्षा म्हणून खालच्या श्रेणीत ढकललं, पाओलो रॉसीवर बंदी आली. रेफरी त्यात आरोपी नव्हते, पण एकूण खेळावरचा विश्वास उडाला. त्यानंतर प्रत्येक वादग्रस्त निर्णयानंतर नेमणुकीबद्दल ओरड व्हायची. ती थांबवायला १९८४-८५ मध्ये सरसकट सोडत आणली.

बंद करण्यामागचं अधिकृत कारण रास्त होतं असं मला वाटतं. सोडतीत नवखा रेफरी मिलान-इंटरच्या सामन्याला येऊ शकतो आणि सर्वांत अनुभवी माणूस तळाच्या दोन संघांच्या सामन्याला. अनुभव पाहून नेमणूक करणं ह्यात मुळात काही गैर नाही. नेमणारा माणूस कसा आहे, सगळं त्यावर.

टॅकल

म्हणजे म्हाडाच्या सोडतीसारखंच. ज्याचा नंबर लागला तो दक्षिण मुंबईत!

चिंतामणी

मी आकडेमोड करणारा माणूस, म्हणून एका वेगळ्या आक्षेपाचं उत्तर देतो. काही जण म्हणतात, १३ सामने बरोबरीत, हा दोन गुणांच्या जुन्या पद्धतीचा फायदा. आजच्या तीन गुणांच्या पद्धतीत व्हेरोना जिंकलाच नसता.

हिशेब सोपा आहे. जुन्या गुणांत जिंकलेल्या सामन्यांची संख्या मिळवली की नव्या पद्धतीचे गुण येतात. व्हेरोना ४३ + १५ = ५८. तोरिनोचे ३९ होते. ५८ ला पोचायला त्यांना १९ विजय लागले असते. १९ विजय म्हणजे ३८ गुण, वर एक बरोबरी, आणि उरलेले १० पराभव. तोरिनो त्या हंगामात दहा सामने हरलेला नव्हता, त्याच्या आसपासही नाही. इंटरला २० विजय लागले असते, पण २० विजयांचेच ४० गुण होतात आणि त्यांचे एकूण ३८. सांपदोरियाचं तर विचारायलाच नको. म्हणजे कुठल्याही पद्धतीने मोजा, व्हेरोना पहिलाच.

सोडतीबद्दल गणिताने काही सांगता येत नाही, तो वाद तुम्ही चालू ठेवा.

पंचनामा

चिंतामणी, हिशेब पटला. माझा आक्षेप तो नव्हताच.

पेठकर

कोल्हापूरचा आहे, म्हणून रेफरीवर बोलायचा हक्क आहे असं समजतो. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने लहानपणापासून बघतोय. दहा-पंधरा हजार माणूस एका बाजूने ओरडायला लागला की शिट्टी तोंडात धरलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलंय. त्याला कुणी नेमलंय की चिठ्ठीतून आलाय, ह्याने ओरडा कमी होत नाही. चिठ्ठीतून आलेला नवखा असेल तर तो आणखी दबतो. तेव्हा सोडत आणली म्हणून मोठ्या क्लबचा धाक गेला, हे पंचनामांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. सॅन सिरोवर सत्तर हजार लोक बसतात, ते चिठ्ठीत नव्हते.

पंचनामा

पेठकर, हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरीही प्रेक्षकांचा दबाव त्या दिवसापुरता, नेमणुकीचा दबाव वर्षभर आणि पुढच्या बढतीपर्यंत. माझ्या लेखी दुसरा जास्त जड.

आदिजेकाठ

मी नोकरीनिमित्त व्हेरोनात राहतो, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

इथल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही माणसासमोर १९८५ म्हणा, तो पाठ म्हणून दाखवतो : गारेल्ला, फेर्रोनी, मारांगोन, त्रिचेल्ला, फोन्तोलान, ब्रीगल, फान्ना, व्होल्पाती, गाल्देरिसी, दि जेन्नारो, एल्क्येर. त्याच क्रमाने, पाठीवरच्या १ ते ११ आकड्यांप्रमाणे. तेव्हा कायम नंबर नसायचे, पण बान्योली संघ इतका कमी बदलायचा की यादी आपोआप पाठ झाली. राखीव खेळाडूंतले ब्रुनी आणि साकेत्ती हेही लोक आवर्जून घेतात. माझे शेजारी ह्या विषयावर तासभर बोलतात आणि सोडतीचं नाव काढलं की त्यांचा आवाज चढतो.

एक गोष्ट इथे आल्यावर समजली. हे शहर प्रांताची राजधानीसुद्धा नाही, ती व्हेनिस. १९२९-३० मध्ये सेरी आ एका गटाची झाली तेव्हापासून तुरीन, मिलान, रोम, नेपल्स, बोलोन्या, फ्लॉरेन्स, कालियारी, जेनोव्हा इथल्या क्लबांनी विजेतेपदं जिंकली. ही सगळी आपापल्या प्रांतांच्या राजधान्या. अपवाद एकच, व्हेरोना. आजही एकच. ह्या लोकांना त्याचा अभिमान का आहे ते त्यावरून कळावं.

शेवटून दुसऱ्या फेरीत, १२ मे १९८५ ला, बेर्गामोत अतालांताशी १-१ झालं आणि विजेतेपद पक्कं झालं. आधी अतालांताने गोल केला होता, बरोबरी एल्क्येरने साधली. बेर्गामो इथून तासा-दीडतासाच्या अंतरावर, त्यामुळे अर्धं शहर तिकडेच गेलं होतं असं सगळे सांगतात.

अनघा_दे

आदिजेकाठ, तुम्ही व्हेरोनात आहात म्हणजे पांदोरो! गेल्या नाताळात एका मैत्रिणीने आणला होता. तो व्हेरोनाचाच ना?

आदिजेकाठ

अगदी. पांदोरो व्हेरोनाचा, पानेत्तोने मिलानचा. पांदोरो उभा, आठ टोकांच्या चांदणीसारखा, आत मनुका वगैरे काही नाही, नुसतं लोणी-अंडी, वरून पिठीसाखर. पानेत्तोनेमध्ये बेदाणे आणि साखरेत मुरवलेली फळं. डिसेंबरात इथे ह्यावरून घराघरात भांडणं होतात.

मिलानवासी

पानेत्तोने तो पानेत्तोनेच. बेदाणे नकोत म्हणणाऱ्यांशी मी चर्चा करत नाही :)

रश्मी_ठाणे

अंड्याशिवाय करता येतो का? कृती असेल तर पाककृती विभागात टाका, इथे हरवेल.

टॅकल

मंडळी, मैदानात परत या.

अनघा_दे

येते. पण एक न आवडणारी गोष्ट बोलायला हवी. १९८५ च्या आठवणी सुंदर आहेत, मात्र व्हेरोनाच्या कडव्या समर्थकांच्या एका गटाची ख्याती वाईट आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हेरोनाच्या बेन्तेगोदी स्टेडियमवर बालोतेल्लीला वर्णद्वेषी आवाज काढून इतका त्रास दिला की त्याने चेंडू हातात घेऊन प्रेक्षकांत लाथाडला आणि मैदान सोडायला निघाला. नापोलीच्या लोकांबद्दल दिल्या जाणाऱ्या घोषणाही अशाच. मला हा क्लब आवडावा असं वाटतं, पण ह्याकडे डोळेझाक करवत नाही.

आदिजेकाठ

अनघाताई, मी सावळ्या कातडीचा माणूस त्या स्टेडियमवर जातो, त्यामुळे हे मला ठाऊक आहे. मी बसतो तिथे कुटुंबं असतात, कोणी कधी वाकडं बोललं नाही. पण मैदानाच्या एका टोकाचा स्टँड आहे, तिथे मी तिकीट काढत नाही. हे वाईट आहे आणि क्लबने ह्याबाबत अजून कितीतरी कडक व्हायला हवं. त्या अकरा जणांचं कर्तृत्व मात्र त्या स्टँडच्या मालकीचं नाही.

अनघा_दे

हे उत्तर आवडलं.

निळापिवळा

आता संघाबद्दल कोणीतरी लिहायला हवं, मुख्य उत्तर तिथेच आहे.

बान्योलीचा संघ म्हणजे मोठ्या क्लबांनी बाजूला सारलेल्या माणसांचा संघ. फान्ना आणि गाल्देरिसी दोघेही युव्हेंतुसकडून आलेले, तिथे त्यांना धड जागा नव्हती. गोलकीपर गारेल्ला लाझिओत असताना त्याच्या चुकांवर लोक हसायचे. व्हेरोनात त्याने पायाने, गुडघ्याने, मिळेल त्या अवयवाने चेंडू अडवले. बघायला शैली काहीच नाही, पण चेंडू आत जात नव्हता. पुढे हाच गारेल्ला नापोलीत गेला आणि १९८७ मध्ये त्यांच्या पहिल्या स्कुदेत्तोत गोलकीपर होता. दोन वेगवेगळ्या क्लबांचं पहिलंवहिलं विजेतेपद एकाच माणसाच्या हातून, म्हणजे पायातून, झालं. २०२२ मध्ये तो गेला.

मागे त्रिचेल्ला, कप्तान आणि लिबेरो. बाकी बचावफळी आपापला माणूस धरायची आणि त्रिचेल्ला मागे मोकळा राहून चेंडू उचलून पुढे न्यायचा. मध्ये दि जेन्नारो खेळ चालवायचा. उजवीकडून फान्ना, डावीकडून मारांगोन वर चढायचा. चेंडू मिळाला की तीन-चार पासांत समोरच्या गोलाजवळ. ताबा ठेवून फिरवत बसणं ह्या संघाला माहीतच नव्हतं.

१९८४ च्या उन्हाळ्यात दोन परदेशी आणले आणि दोन्ही निवडी अचूक ठरल्या. एल्क्येर बेल्जियमच्या लोकेरेनमधून, ब्रीगल कैझर्सलाउटर्नमधून. ब्रीगल मुळात ॲथलीट, तरुणपणी डेकॅथलॉन करणारा. जर्मनीत तो बचावपटू म्हणून ओळखला जायचा. बान्योलीने त्याला मधल्या फळीत आणलं आणि त्याने ९ गोल केले. गाल्देरिसीचे ११, एल्क्येरचे ८. म्हणजे गोल एकाच माणसाच्या भरवशावर नव्हते. १९८५ मध्ये ब्रीगल जर्मनीतला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, परदेशात खेळत असताना हा मान मिळालेला पहिला. एल्क्येर १९८४ मध्ये बॅलन डी'ओरला (युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला) तिसरा आणि १९८५ मध्ये दुसरा, दोन्ही वेळा पहिला प्लातिनी.

आणि पहिलाच सामना आठवा. १६ सप्टेंबर १९८४, व्हेरोना-नापोली ३-१. सगळं जग मारादोनाचं इटलीतलं पदार्पण बघायला बसलेलं. त्याच्यावर बान्योलीने ब्रीगलला सोडलं. ब्रीगलने मारादोनाला धरून ठेवलं आणि वर स्वतः गोलही केला. त्या दिवशी रेफरी कोण होता हे कोणाला आठवत नाही, ब्रीगल सगळ्यांना आठवतो.

जुनाजाणता

निळापिवळा, अप्रतिम प्रतिसाद. उदिनेचा सामनाही लिहायला हवा होता. फेब्रुवारीत उदिनेसेच्या मैदानावर व्हेरोना ३-० ने पुढे गेला, मग ३-३ झालं. विजेतेपदाच्या शर्यतीत नवखा संघ असा घसरला की पुढचे चार सामने हातचे जातात. हे ५-३ ने जिंकले, शेवटचे दोन गोल एल्क्येर आणि ब्रीगलचे. मला वाटतं हंगामाचा खरा कस त्या दिवशी लागला.

पंचनामा

सगळं मान्य. मग मला एवढंच सांगा, इतका भक्कम संघ पुढच्याच हंगामात, नेमणूक पद्धत परत आल्यावर, दहावा कसा आला?

गोलपोस्ट

ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो.

१९८५ च्या उन्हाळ्यात गारेल्ला नापोलीला गेला. फान्ना आणि मारांगोन दोघेही इंटरला गेले. म्हणजे गोलकीपर, उजवी बाजू आणि डावी बाजू, तिन्ही एकदम. अकरांतले तीन, आणि तेही असे की ज्यांच्यावर सगळा वेगवान खेळ उभा होता. जोडीला युरोपियन कपचे (आताच्या चॅम्पियन्स लीगचे) सामने आले. आधीच छोटा चमू. दहावं येण्यासाठी रेफरीची गरज नव्हती.

आता माझा मुख्य पुरावा. सोडतीच्या आधी, नेमणूक पद्धत असताना, १९८२-८३ मध्ये व्हेरोना सेरी बी मधून वर आल्या आल्या चौथा आला. १९८३-८४ मध्ये सहावा. ह्या दोन्ही वर्षी कोप्पा इतालियाच्या (इटलीतल्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या) अंतिम फेरीत, एकदा युव्हेंतुसकडून हरले, एकदा रोमाकडून. सोडत गेल्यानंतर १९८६-८७ मध्ये पुन्हा चौथा. १९८७-८८ मध्ये यूएफा कपच्या उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे सोडतीच्या अलीकडे आणि पलीकडे हा संघ वरच्या चार-सहांतच होता. त्याने एका वर्षी सहाव्यावरून पहिल्यावर उडी मारली, तीही एल्क्येर आणि ब्रीगल आले त्याच वर्षी.

बान्योलीचं पुढचंही बघा. १९९०-९१ मध्ये जेनोआ चौथा, त्यानंतरच्या हंगामात लिव्हरपूलला दोन्ही सामन्यांत हरवून यूएफा कपच्या उपांत्य फेरीत. १९९२-९३ मध्ये इंटर दुसरा. हा माणूस जिथे गेला तिथे संघ वर गेला. १९९४ मध्ये इंटरने त्याला काढलं आणि त्यानंतर त्याने पुन्हा प्रशिक्षकपद घेतलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा होता. ह्या गोष्टीची मला आजही हळहळ वाटते.

मिलानवासी

युरोपियन कपचा उल्लेख आलाच आहे म्हणून : पहिल्या फेरीत ग्रीसच्या पाओकला हरवलं, दुसऱ्या फेरीत गाठ पडली युव्हेंतुसशी. तेव्हा आदल्या वर्षीचा विजेता म्हणून युव्हेंतुसही होता. व्हेरोनात ०-०. परतीचा सामना तुरीनमध्ये, रिकाम्या स्टेडियममध्ये, कारण हेयसेलच्या दुर्घटनेनंतर युव्हेंतुसला ती शिक्षा होती. मे १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या त्या मैदानावर ३९ माणसं मेली होती. युव्हेंतुस २-० ने जिंकला, एक गोल प्लातिनीच्या पेनल्टीवर. त्या सामन्यातल्या फ्रेंच रेफरीबद्दल व्हेरोनात अजून राग आहे.

आदिजेकाठ

राग हा शब्द सौम्य आहे. माझ्या शेजाऱ्यांना स्कुदेत्तोइतकाच तो सामना आठवतो.

पंचनामा

बघा, म्हणजे व्हेरोनाचे लोक स्वतःच म्हणतात की मोठ्या क्लबसमोर रेफरी दबतो!

पेठकर

हा गोल मात्र पंचनामांचा :)

स्वप्नील_पु

एक कारण कोणी मांडलं नाही. १९८४-८५ मध्ये व्हेरोनाला युरोपातले सामने नव्हते. युव्हेंतुस युरोपियन कप खेळत होता, आणि जिंकलाही. जानेवारीत सुपर कपही जिंकला. रोमा कप विनर्स कपमध्ये, इंटर आणि फियोरेंतिना यूएफा कपमध्ये. मधल्या आठवड्यात विमानप्रवास, थकवा, दुखापती. व्हेरोना आठवडाभर ताजेतवाने. तेच ते अकरा जण वर्षभर खेळू शकले ह्याचं मोठं कारण हे. माझ्या मते सोडतीपेक्षा ह्याचा वाटा जास्त. युव्हेंतुस सहावा आला त्यात त्या संघाचं लक्ष कुठे होतं हे दिसतंच.

जुनाजाणता

बरोबर. दुसरा आलेला तोरिनोही युरोपात लवकर बाहेर पडला होता का, की खेळतच नव्हता?

स्वप्नील_पु

तोरिनो त्या वर्षी युरोपात नव्हता. सांपदोरियाही नव्हता. पहिल्या चारांतले तिघे घरी बसून होते.

चिंतामणी

हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. पहिल्या चारांत इंटर वगळता सगळे युरोपाबाहेरचे. रेफरींची सोडत सोळाही संघांना सारखी लागू होती, युरोपातल्या सामन्यांचा भार मात्र चारच संघांवर होता. निकालात जो फरक दिसतो तो ह्या दुसऱ्या कारणाशी जास्त जुळतो.

पंचनामा

ह्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, वजनदार आहे. तरी माझं मत असं : सोडत नसती तर व्हेरोना पहिल्या तिघांत आलाच असता, पण पहिला आला असता की नाही ह्याची खात्री मला देता येत नाही. अटीतटीच्या चार-पाच सामन्यांत एकेक शिट्टी दुसरीकडे वाजली असती तर चार गुणांचं अंतर टिकलं असतं का? सोडतीने स्कुदेत्तो दिला असं मी म्हणत नाही, तो बिनधोकपणे घेता आला असं म्हणतो.

गोलपोस्ट

ही मांडणी मला चालेल. "चिठ्ठ्यांमुळे जिंकले" आणि "चिठ्ठ्या होत्या म्हणून कोणी हिसकावून घेतलं नाही" ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तरीही नेमणूक पद्धतीत छोटा क्लब जिंकूच शकत नाही, असं त्यातून ध्वनित होतं, त्याला मात्र माझा विरोध. १९६९-७० चा कालियारी घ्या. सार्डिनिया बेटावरचा संघ, गिजी रीवाचे २१ गोल, ३० सामन्यांत अकराच गोल खाल्ले. रेफरी नेमलेलेच होते. १९९०-९१ चा सांपदोरियाही तसाच.

पंचनामा

कालियारीचं उदाहरण चांगलं आहे, पण त्या हंगामाबद्दल मला फार वाचायला मिळालेलं नाही. कोणी स्वतंत्र धागा काढेल का?

निळापिवळा

मी काढतो. रीवाबद्दल बरंच लिहायचं आहे. शनिवार-रविवारपर्यंत वेळ द्या.

रश्मी_ठाणे

वाट बघते. आणि आदिजेकाठ, पांदोरोची कृती राहिली आहे.